सीआयडीपी आणि दर महिन्याची आयव्हीआयजी: वडिलांच्या उपचाराबद्दल एका मुलाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही भलतंच समजलो असेन तर तुमच्या लगेच लक्षात येईल. वडील ५८ वर्षांचे, वजन ६८ किलो, दहा-बारा वर्षांपासून मधुमेह. चार महिन्यांपूर्वी चालताना चप्पल पायातून निसटायला लागली, मग जमिनीवरून उठताना हात टेकावे लागायला लागले, तळव्यांना मुंग्या होत्याच, आता शर्टाची बटणंही लावता येत नाहीत. नसांची तपासणी म्हणजे एनसीव्ही झाली, पाठीतलं पाणी काढलं आणि निदान आलं ‘सीआयडीपी’, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच नसांवर केलेला, लांबत जाणारा हल्ला. पाच दिवस आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं अँटिबॉडींचं औषध, दिली. आठ-दहा दिवसांनी फरक दिसला, तीनेक आठवडे बरे गेले आणि पुन्हा घसरण सुरू झाली. आता डॉक्टर म्हणतात दर महिन्याला डोस घ्या. दुसरे म्हणतात स्टेरॉइड द्या. तिसऱ्यांनी रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचं नाव काढलं. त्यात धायरीला राहणाऱ्या तुमच्या मावसभावाला २०२५ च्या जानेवारीत जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर अचानक येणारा आजार) झाला होता, तो एकाच कोर्समध्ये उभा राहिला, मग बाबांनाच दर महिन्याला कशाला, असं घरात सगळे विचारताहेत. ‘हे आयुष्यभर चालणार का, आणि आम्हाला फसवलं तर जात नाहीये ना?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न.

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे आणि आमच्याकडे अशी औषधं देण्यासाठी वेगळी डे-केअर खोली आहे, त्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. वडिलांना मी तपासलेलं नाही, रिपोर्ट पाहिलेले नाहीत, तेव्हा अमुक डोस घ्या किंवा तमुक बंद करा असं मी इथून सांगणार नाही. पण तुमच्या लिहिण्यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. तुम्ही औषध कोणतं यावर अडकला आहात, आणि त्याआधीच्या तीन गोष्टी कुणीच पक्क्या केलेल्या नाहीत: निदान किती भक्कम आहे, पहिल्या डोसने नेमकी किती सुधारणा झाली, आणि औषध कमी कधी करायचं ते कोण आणि कशावरून ठरवणार.

आधी मावसभावाचं बघू, कारण घरातला निम्मा गोंधळ तिथून आला आहे. सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात त्या वर्षी जीबीएसचे दोनशेच्या वर संशयित रुग्ण निघाले आणि आयव्हीआयजी हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. जीबीएस हा सहसा एकदाच बसणारा फटका असतो. आधी एखादा संसर्ग होतो, बऱ्याचदा पोट बिघडतं, अनेकदा कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूने, त्या जंतूविरुद्ध शरीर अँटिबॉडी बनवतं आणि त्या चुकून स्वतःच्याच नसांवर जातात. अशक्तपणा वाढत वाढत चार आठवड्यांच्या आत कळसाला पोचतो आणि तिथून पुढे हल्ला ओसरतो. औषध दिलं तर तो लवकर ओसरतो आणि नसांचं नुकसान कमी होतं. म्हणून तिथे एकच कोर्स. पहिल्या कोर्सनंतर नीट बरं होण्याची शक्यता कमी दिसणाऱ्यांना दुसरा कोर्स देऊन काही मिळतं का, हे नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी नीट चाचणी घेऊन पाहिलं. २०२१ साली निकाल आला. फायदा दिसला नाही, उलट रक्ताच्या गुठळ्यांसारखे गंभीर त्रास जास्त झाले.

सीआयडीपी, म्हणजे क्रॉनिक इन्फ्लमेटरी डिमायलिनेटिंग पॉलिन्यूरोपॅथी, हा त्याच घरातला पण वेगळ्या स्वभावाचा आजार. इथे आठ आठवडे उलटून गेले तरी घसरण चालूच राहते, किंवा बरं होऊन पुन्हा पुन्हा बिघडतं. नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर होणारा हल्ला थांबतच नाही. बाहेरून दिलेलं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आयव्हीआयजीतली अँटिबॉडी, शरीरात साधारण तीन-चार आठवड्यांत निम्म्यावर येतं. तेव्हा तीन आठवडे बरे आणि चौथ्यात घसरण, हे तुम्ही लिहिलेलं वर्णन औषध लागू पडत नसल्याचं नाही. औषध लागू पडलं आणि संपलं, असा त्याचा अर्थ आहे, आणि सीआयडीपीत असंच दिसतं. दर महिन्याला म्हणणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं त्यामुळे तर्काला धरून आहे. फसवणुकीचा वास मला तरी त्यात येत नाही. मावसभावाचं उदाहरण मात्र इथे लागू होत नाही, हे काकांना आणि मावशीला एकदा शांतपणे सांगा.

आता निदान. ही पायरी मी कधीच गाळत नाही, समोरच्या फाइलवर कुणाचीही सही असो. अमेरिकेतल्या दोन न्यूरॉलॉजिस्टांनी २०१५ मध्ये त्यांच्याकडे सीआयडीपी म्हणून पाठवलेले रुग्ण पुन्हा तपासले, तर जवळजवळ निम्म्यांना तो आजारच नव्हता. चूक कुठे झाली होती? पाठीच्या पाण्यातलं प्रोटीन जरासं वाढलेलं पाहून निदान केलं होतं, एनसीव्हीचा अर्थ सैल लावला होता, आणि ‘औषधाने बरं वाटलं’ या रुग्णाच्या शब्दावर विसंबून औषध चालू ठेवलं होतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत यातल्या पहिल्या दोन गोष्टींना मधुमेहाची जोड आहे. मधुमेहात पाण्यातलं प्रोटीन आजार नसतानाही थोडं वाढतं. पन्नाशीच्या पुढे ते साठच्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वर असेल तरच आम्ही त्याकडे गांभीर्याने बघतो, आणि मधुमेह असेल तर तेवढ्यावरही भागत नाही. मधुमेहाने नसाही खराब होतात आणि एनसीव्ही बिघडते.

तरी वर्णनावरून सीआयडीपीच्या बाजूने बरंच आहे. मधुमेहाची नेहमीची न्यूरोपॅथी, म्हणजे नसांचा बिघाड, पायाच्या बोटांपासून वर्षानुवर्षं हळूहळू वर चढते, आणि त्यात बधिरपणा-जळजळ जास्त, अशक्तपणा कमी. चार महिन्यांत जमिनीवरून उठता न येणं, म्हणजे मांड्या आणि कंबरेचे स्नायू कमजोर होणं, आणि जोडीला हाताची पकड जाणं, हे तिच्यात बसत नाही. हातोडीने गुडघे, घोटे, कोपर तपासले तेव्हा सगळीकडचे झटके (रिफ्लेक्स) गेलेले होते का, हे कागदपत्रांत बघा.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. रक्तातली प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन झाली का? रक्तात एखादं जादा प्रोटीन तयार होणारे काही आजार हुबेहूब सीआयडीपीसारखे दिसतात, त्यातला पोएम्स नावाचा आजार आयव्हीआयजीला दाद देत नाही आणि त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे. दुसरी गोष्ट तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिली आहे, पण मला ती महत्त्वाची वाटली: ओळखीच्या वैद्यांनी शुगरसाठी दिलेलं भस्म वडील गेलं वर्षभर घेताहेत. काही भस्मांत शिसं आणि आर्सेनिक सापडतं आणि दोन्ही नसांना मारतात. आर्सेनिकची न्यूरोपॅथी तर कधी कधी जीबीएस किंवा सीआयडीपी म्हणून खपून जाते. वैद्यांशी भांडायची गरज नाही. पुडी बंद करा, टाकून मात्र देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. ते रक्त-लघवीत धातू तपासायचे का ते ठरवतील.

निदान पक्कं झालं असं धरून पुढे जातो. आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळं काढलेलं अँटिबॉडींचं मिश्रण. पहिला डोस किलोमागे दोन ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून. ६८ किलोंना १३६ ग्रॅम. पाच ग्रॅमच्या बाटल्या धरल्या तर सत्तावीस. अठ्ठावीसावी बाटली एका ग्रॅमसाठी फोडायची नाही, हे मी आमच्या सिस्टरना नेहमी सांगतो. एवढ्याने उपचारात काही फरक पडत नाही आणि घरच्यांचे हजारो रुपये वाचतात. पुढचे डोस सहसा किलोमागे एक ग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हेच वेळापत्रक होतं आणि आजही तिथूनच सुरुवात करतात. ते प्रत्येकासाठी कायमचं नसतं. कुणाला पाच आठवड्यांनी पुरतं, कुणाला कमी डोसवर भागतं.

स्टेरॉइड सुचवणारे डॉक्टर चुकीचे नाहीत, हेही सांगायला हवं. सीआयडीपीत स्टेरॉइड, आयव्हीआयजी आणि प्लाझ्मा बदलणं हे तिन्ही पहिल्या फळीचे उपचार आहेत. इटलीत एक चाचणी झाली, २०१२ ची: निम्म्यांना सहा महिने दर महिन्याला आयव्हीआयजी, निम्म्यांना दर महिन्याला चार दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन. स्टेरॉइडवाल्यांपैकी निम्म्यांनी औषध मध्येच सोडलं, एक तर त्रासामुळे किंवा फरक न पडल्यामुळे. पण सहा महिने पूर्ण करून औषध थांबवल्यावर पुढचं चित्र उलटं होतं. आयव्हीआयजीवाल्यांपैकी एकवीसपैकी आठ जण पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा घसरले, स्टेरॉइड पूर्ण केलेल्या दहांपैकी एकही नाही. रुग्ण थोडे होते, तेव्हा या आकड्यांवर सगळा भार टाकू नये, पण माझा अनुभवही त्याच दिशेचा आहे: आयव्हीआयजी लवकर उभं करते, स्टेरॉइड लागू पडलं तर जास्त काळ टिकतं.

वडिलांचा मधुमेह इथे आडवा येतो, पण स्टेरॉइडला दार बंद करत नाही. रोजच्या गोळीपेक्षा महिन्यातून चार दिवसांचा मारा असेल तर तेवढे दिवस इन्सुलिन वाढवून शुगर सांभाळता येते. टीबीचा इतिहास, डोळ्यांतलं प्रेशर, हाडांची घनता हे आधी बघून घ्यावं लागतं. ज्यांना फक्त अशक्तपणा आहे, बधिरपणा अजिबात नाही, अशांना स्टेरॉइडने कधी कधी उलट बिघडतं. तुमच्या वडिलांना मुंग्या आणि बधिरपणा आहे, त्यामुळे ती भीती इथे कमी.

प्लाझ्मा बदलणं, म्हणजे प्लाझ्माफेरेसिस, यात मानेतल्या जाड शिरेत नळी घालून रक्त मशीनमध्ये घेतात, प्लाझ्मा वेगळा काढून टाकतात आणि त्याजागी अल्ब्युमिन देतात. एक दिवसाआड, साधारण पाच वेळा. काम लवकर होतं, टिकतं काही आठवडेच. ओठांना मुंग्या येतात कारण रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं. ते सिस्टरला लगेच सांगायचं. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर आधी सांगा, ते एक दिवस आधी थांबवावं लागतं. आणि एक गोष्ट घरच्यांनीही लक्षात ठेवावी: आयव्हीआयजी देऊन झाल्यावर लगेच प्लाझ्माफेरेसिस करायचं नाही. लाखभराची बाटलीतली अँटिबॉडी पिशवीत गोळा होऊन बायोवेस्टमध्ये जाते. क्रम ठरवायचाच असेल तर आधी प्लाझ्मा, मग ग्लोब्युलिन.

रिटुक्सिमॅब मात्र मी या टप्प्यावर पुढे आणणार नाही. ते कधी लागतं? आयव्हीआयजीचे दोन-तीन डोस योग्य प्रमाणात देऊनही काहीच हललं नाही, हात खूप थरथरतात, चालताना तोल जातो, असं असेल तर न्यूरोफॅसिन-१५५ किंवा कॉन्टॅक्टिन-१ या नसांवरच्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी तपासायच्या. त्या निघाल्या तर आजाराचं नावच बदलतं, आयव्हीआयजीचा उपयोग कमी होतो आणि रिटुक्सिमॅब छान काम करतं. तुमच्या वडिलांना पहिल्याच डोसने फरक पडला आहे, तेव्हा ती वाट सध्या दूर आहे. त्वचेखालून द्यायची इम्युनोग्लोब्युलिन आणि जून २०२४ मध्ये अमेरिकेत सीआयडीपीसाठी मंजूर झालेलं एफगार्टिजिमॉड यांबद्दलही तुम्ही वाचलं असेल. तुमच्या घरापुढचा आजचा प्रश्न तो नाही.

पण रिटुक्सिमॅबचं नाव निघालंच आहे तर एक बारकावा. ते देण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी सक्तीची असते, कारण दबून राहिलेला विषाणू त्याने उसळू शकतो. आयव्हीआयजीत दात्यांच्या अँटिबॉडी असतात, त्यामुळे डोसनंतर काही आठवडे ही अँटिबॉडी तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि घरात उगाच घबराट होते. म्हणून मी सगळी रक्तं पहिल्या बाटलीच्या आधी काढून घेतो. तुमच्याकडे डोस होऊन गेला आहे. पुढे कधी पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, ‘आयव्हीआयजी घेतली होती’ हे आठवणीने सांगा.

इथवरचं थोडक्यात: दर महिन्याचा डोस हा सल्ला आजाराच्या स्वभावाला धरून आहे, स्टेरॉइडचा पर्याय खरा आहे, रिटुक्सिमॅब आत्ता नाही, आणि या सगळ्याआधी निदानाची एकदा उलटतपासणी हवी.

आता मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. तुम्ही लिहिलं आहे, ‘डोसनंतर साठ-सत्तर टक्के फरक पडला.’ हे साठ-सत्तर टक्के आले कुठून? घरातल्या प्रत्येकाला विचारा, प्रत्येकजण वेगळा आकडा सांगेल. एवढं महाग औषध अंदाजावर चालवायचं नसतं. पुढच्या डोसच्या आधी एक शंभर पानी वही आणा आणि आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी, पाच गोष्टी लिहा.

पहिली, हाताची पकड. दवाखान्यात त्यासाठी डायनॅमोमीटर असतो, घरी बीपीचं घड्याळवालं मशीन चालतं. त्याचा पट्टा गुंडाळून सुरळी करायची, हवा भरून काटा २० वर आणायचा आणि वडिलांना ती सुरळी जोरात दाबायला सांगायची. काटा कुठवर गेला तो आकडा लिहायचा. दोन्ही हात, प्रत्येकी तीनदा, सगळ्यात मोठा आकडा धरायचा. दुसरी, दहा मीटर चालायला किती सेकंद लागले. अंगणात खडूने दोन रेघा मारून ठेवा. तिसरी, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, आणि पाच वेळा उठायला किती सेकंद. चौथी, शर्टाची सगळी बटणं लावायला किती वेळ. पाचवी तुम्हीच ठरवा, जी वडिलांना सगळ्यात जास्त सलते ती. भाकरी मोडता येते का, मोटारसायकलचा क्लच दाबता येतो का, काहीही.

आकडे वहीत आले की डॉक्टरांशी बोलणंच बदलतं. डोसआधीच्या आठवड्यात आकडे नेमाने पडत असतील तर डोस पुरत नाहीये, दोन डोसमधलं अंतर कमी करा किंवा मात्रा वाढवा. पडतच नसतील तर अंतर वाढवून बघायला जागा आहे. तीन डोस होऊनही आकडे जागचे हलले नाहीत तर औषध चालू ठेवायला आधार नाही, निदानाकडे परत जायचं. कधी कधी आकडे हलत नाहीत आणि रुग्ण म्हणतो ‘खूप बरं वाटतं’. अशा वेळी मी आकड्यांच्या बाजूने उभा राहतो. ते रुग्णाला रुचत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं, पण दुसरा मार्ग नाही.

‘आयुष्यभर का’ याचं उत्तर याच वहीत आहे. सहा महिने ते वर्षभर स्थिर राहिल्यावर मात्रा पाव हिश्श्याने कमी करून किंवा अंतर वाढवून बघायचं असतं, आणि हे ठराविक काळाने पुन्हा करायचं असतं. २०२२ साली युरोपातल्या एका चाचणीत आयव्हीआयजीवर स्थिर असलेल्या साठ जणांपैकी निम्म्यांचं औषध हळूहळू काढून घेतलं, कुणाचं ते चाचणीत सामील झालेल्यांना न कळवता. त्या निम्म्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या वर लोक सहा महिने तसेच स्थिर राहिले. म्हणजे त्यांना त्या काळात औषधाची गरजच नव्हती. उरलेल्यांपैकी जे घसरले त्यातले बहुतेक औषध पुन्हा चालू केल्यावर सावरले. तेव्हा डॉक्टरांना पुढच्या भेटीत सरळ विचारा, ‘कमी करून कधी बघायचं?’ हा प्रश्न उद्धट नाही. ज्यांना तो उद्धट वाटेल त्यांच्याकडे दर महिन्याला सलाइन लावून घेण्याआधी मी विचार करेन.

खुर्चीवर बसल्यावर काय होतं, हेही सांगतो, कारण पाच दिवस लावूनही घरच्यांना फार काही सांगितलेलं नसतं. बाटली फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. हलवायची नाही, फेस होतो. सुरुवात सावकाश, दहा टक्क्यांचं द्रावण असेल तर वडिलांच्या वजनाला तासाला तीस-पस्तीस मिली. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, ताप. अर्ध्या तासाने वेग वाढवायचा. ‘सिस्टर, जरा लवकर सोडा ना, शेवटची एसटी गाठायची आहे’ अशी विनंती आमच्याकडे रोज होते आणि रोज नाकारली जाते. बहुतेक रिअ‍ॅक्शन वेगामुळेच येतात: थंडी वाजणं, पाठ दुखणं, डोकं जड होणं. वेग कमी केला की त्या ओसरतात. आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्यायचं, हृदय किंवा किडनीच्या डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर.

घरी गेल्यावर दोन-तीन दिवस डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल पुरतं. उलट्या, मान आखडणं, उजेड सहन न होणं असं झालं तर कळवायचं. एका पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, यातलं काही झालं तर वाट बघायची नाही, थेट कॅज्युअल्टी. आयव्हीआयजीने रक्त घट्ट होतं आणि वयस्क, मधुमेही माणसात गुठळीचा धोका खरा असतो. किडनीसाठी डोसआधी क्रिएटिनिन बघायचं.

मधुमेह्यांसाठी आणखी एक, जे फार थोड्या ठिकाणी सांगतात. काही कंपन्यांच्या आयव्हीआयजीत माल्टोज असतं. काही प्रकारच्या ग्लुकोमीटर पट्ट्या माल्टोजलाच ग्लुकोज समजतात आणि शुगर खोटी वाढलेली दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर खरी शुगर खाली कोसळते. बाटलीच्या कागदावर माल्टोज लिहिलं आहे का बघा. असेल तर तुमची पट्टी त्याला चालते का ते विचारा, नाहीतर त्या दिवसांत शुगर लॅबमधून. प्रत्येक बाटलीवरचं स्टिकर, ज्यावर बॅच नंबर असतो, वहीत चिकटवा. एक ब्रँड सोसला असेल तर उगाच बदलू नका.

पैशांचं. मी घरच्यांना पहिल्याच दिवशी विचारतो की सहा महिन्यांचं जमेल का. कर्ज काढून दोन डोस घ्यायचे आणि मग काहीच नाही, हा सगळ्यात वाईट प्रकार. पैसेही जातात आणि नसाही. जमणार नसेल तर स्टेरॉइडचा मारा आणि गरजेप्रमाणे सरकारी रुग्णालयात प्लाझ्माफेरेसिस, ही दुय्यम नव्हे तर शहाणी योजना आहे. छापील किंमत आणि रुग्णालयाला पडणारी किंमत यांत बराच फरक असतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणी लेखी एस्टिमेट मागा. महात्मा फुले योजनेत तुमच्या आजाराला काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा, बिल झाल्यावर धावपळ उपयोगाची नाही. खासगी विमा असेल तर पूर्वमंजुरी घ्या, कारण ‘फक्त सलाइनसाठी भरती’ म्हणून क्लेम नाकारला जाणं नेहमीचं आहे.

मुंबई-पुण्याला हलवायचं का, हेही तुम्ही विचारलं आहे. एकदा मत घ्यायला जरूर जा, मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी ओपीडीत. दर महिन्याचे डोस मात्र जवळच घ्या, जिथे सिस्टरला ही औषधं लावायची सवय आहे आणि रात्री डॉक्टर हजर असतो. चार तास गाडीत पाय लोंबकळत ठेवून प्रवास करणं आणि लगेच आयव्हीआयजी घेणं, गुठळीच्या दृष्टीने बरं नाही. मधल्या काळात गिळताना ठसका लागायला लागला, आडवं झाल्यावर दम लागला, किंवा एका श्वासात वीसपर्यंत मोजता येईनासं झालं, तर जवळचं आयसीयू असलेलं रुग्णालय गाठा, पुणं गाठायच्या नादी लागू नका.

मत घ्यायला जाताना पाण्याचा रिपोर्ट, आतापर्यंतच्या सगळ्या गोळ्या, भस्माची पुडी आणि ती वही न्या. एनसीव्हीच्या रिपोर्टची शेवटची ओळ तेवढी नेऊ नका, आकडे आणि आलेख असलेली सगळी पानं न्या. ती मिळाली नसतील तर जिथे तपासणी झाली तिथून मागून घ्या, त्यांच्या कॉम्प्युटरवर असतात.